वरल्या अंगाची माती

डंपरचा हौदा वर गेला आणि तांबडी माती एका दमात खाली आली. तिच्यात बारीक मुळं होती, अर्धवट कुजलेला पाला होता, आणि काजूचं एक रोप होतं, अजून बी पायाशी धरून राहिलेलं. राजापूर तालुक्यातल्या आमच्या गावाच्या डोक्यावरचा हा सडा, म्हणजे उघड्या कातळाचं पठार. दादानं, म्हणजे माझ्या थोरल्या चुलतभावानं, तिथे सुरुंग लावून आंब्यासाठी खड्डे पाडलेत. मीटरभर लांब, मीटरभर रुंद, तेवढेच खोल, एकमेकांपासून दहा-दहा मीटरवर. खड्ड्यात कातळाच्या चुऱ्याशिवाय काही नाही, तेव्हा माती विकत आणायची आणि शेणखतात मिसळून भरायची. मी डंपरवाल्याला सहज विचारलं, "कुठली हो ही माती?" हौदा खाली घेता घेता तो म्हणाला, "वरल्या अंगाची." वरलं अंग म्हणजे पूर्वेकडचं, सह्याद्रीच्या पायथ्याकडचं. उत्तर खोटं नव्हतं. पण नेमका कुठला डोंगर, कुणाचा, आणि तिथे आता मागे काय उरलं, यातलं काहीच त्यात नव्हतं. दादाला विचारलं तर तो हसला. "माती बघ गो, तिचं गाव कशाला बघतेस?"

मे महिन्यात भर दुपारी सड्यावर अनवाणी जायची छाती गावात कुणाची नाही. काळपट तांबडा कातळ, वर खवले खवले, आणि त्यातून निघणारी धग पोटऱ्यांपर्यंत जाणवते. झाडं नाहीत. कडेकडेनं करवंदीच्या जाळ्या, मधे कुठेतरी खोलगट भागात वाळलेलं गवत, पश्चिमेला समुद्राची पांढरट रेघ. हा जांभा. याच्या बुडाशी साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा दगड आहे आणि त्याच्याच माथ्याचं पावसानं आणि उन्हानं मिळून हे असं करून टाकलंय. चार महिने मुसळधार, आठ महिने कोरडं, अशी पाळी लाखो वर्षं चालली. दगडातलं जे जे विरघळण्यासारखं होतं, चुना, पोटॅश, सिलिका, ते ते पावसानं धुऊन नेलं. जे नेता आलं नाही ते मागे राहिलं. लोह आणि ॲल्युमिनियम. लोहाला गंज चढला, त्याचा हा रंग. म्हणजे ज्या पावसाची आपण एवढी गाणी गातो, त्यानंच इथल्या जमिनीचं सत्त्व समुद्राला घातलंय. फ्रान्सिस बुकॅनन या स्कॉटिश डॉक्टरानं १८०७ मध्ये मलबारातल्या असल्याच दगडाबद्दल लिहिलं आणि जगाच्या भूगोलाच्या पुस्तकांत जांभा दाखल झाला. ओला असताना तो लोखंडी हत्यारानं सहज कापता येतो आणि उघड्यावर आला की कडक होतो, हे त्याला नवलाचं वाटलं. आमच्याकडे हे नवल घराघराच्या भिंतीत बसवलेलं आहे. माझ्या खोलीची भिंतही चिऱ्याची, न गिलावलेली. लहानपणी आजारी पडले की मी तिच्यातली भोकं मोजायची.

पाऊस किती, हे इथल्या माणसाला आकड्यात सांगायची गरज नाही. रत्नागिरी जिल्ह्यात तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, आंबोलीला त्याच्या दुपटीहून जास्त. पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, आणि कडा ते किनारा अंतर जेमतेम पन्नास-साठ किलोमीटर. अर्जुना नदी अणुस्कुरा घाटाच्या अंगाला उगवते आणि जैतापूरच्या खाडीतून समुद्राला मिळते. तिला रमतगमत जायला जागाच नाही. घाटापलीकडच्या नद्या शेकडो कोस हिंडून गाळाची मैदानं करतात. आमच्या नद्या उतरतात त्या थेट धावत. आजी आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या, दिवसांत सुकी मासळी, कोकमं, लाकडं, शेणी असं सगळं भरून ठेवायची आणि मृग लागला की ओटीवर बसून आधी सड्याचा आवाज ऐकायची. पाऊस पहिल्यांदा सड्यावर यायचा. कातळावर पडणाऱ्या पावसाचा आवाज मातीवरच्या पावसासारखा नसतो, तो कोरडा, कडकडीत असतो, आणि खाली वाडीत पहिला थेंब पडायच्या आधी तो ऐकू येतो. मग पऱ्ये, म्हणजे डोंगरातले ओढे, वाजायला लागायचे. तासाभरात पऱ्याचं पाणी चहाच्या रंगाचं, दोन तासांत पार तांबडं.

तो रंग म्हणजे कुणाची तरी जमीन.

आमच्या वाडीची विहीर सड्याच्या पायथ्याशी आहे, आणि ती तिथेच का, याचं कारण खूप उशिरा कळलं. जांभा घावनासारखा जाळीदार. त्याच्यातून पाणी आत उतरत जातं, आणि त्याच्याखाली मऊ, पांढरट-गुलाबी चिकणमातीचा थर लागतो, तिथे अडतं. मग ते आडवं सरकतं आणि जिथे सडा संपून उतार सुरू होतो तिथे कडेनं झरा होऊन बाहेर येतं. कोकणातल्या कित्येक वाड्या या एका रेषेवर वसल्यात. वर कातळ, खाली शेत, मधे माणसं. ज्या सड्याला सातबाऱ्यावर पोटखराब, म्हणजे न पिकणारा, म्हणून बाजूला टाकलंय त्याच्याच पोटातलं पाणी खालची वाडी पिते. फक्त जांभ्याला पाणी धरून ठेवायची सवय नाही. श्रावणात विहिरीत वाकून हातानं पाणी घ्यावं, शिमग्याला रहाट बराच वेळ फिरवावा, आणि मे महिन्यात तळातल्या वाटीभर पाण्याशी बेडूक आणि आपण समोरासमोर. तीन हजार मिलिमीटरच्या मुलखात टँकर येतो. बाहेरच्या माणसाला हा आळशीपणा वाटतो, आणि वर्तमानपत्रांतही दर उन्हाळ्यात तोच सूर असतो. चार महिन्यांचं पाणी बारा महिने पुरवायला जमिनीलाही खोली लागते, ती इथे नाही, हे कुणी ध्यानात घेत नाही. याच तालुक्यात उन्हाळे गावात गरम पाण्याची कुंडं आहेत आणि शेजारी राजापूरची गंगा. साधारण तीनेक वर्षांनी ती एकाएकी येते, चौदा कुंडं भरते आणि काही काळानं निघून जाते. लोक तिला हात जोडतात. आपल्याच पायांखालचं पाणी कधी येईल आणि कधी जाईल हे सांगता येत नसेल, तर हात जोडणं हा काही अगदीच वेडेपणा नाही.

सड्याखालचा उतार म्हणजे वरकस. नाचणी, वरी, कुळीथ, आणि एखाददोन वर्षं पिकवून झाल्यावर पडीक. त्याच्याखाली भाताचे कुणगे. कुणगा म्हणजे इवलासा तुकडा. आमच्या काही कुणग्यांत बैल वळवायला नांगर उचलून घ्यावा लागे. प्रत्येकाला खालच्या अंगाला बांध किंवा गडगा, म्हणजे जांभ्याचे दगड रचून केलेली बुटकी भिंत. या गडग्यांकडे मी पूर्वी हद्द म्हणून पाहायचे. शेजारचे तात्या एकदा गडगा नीट करत होते, तेव्हा म्हणाले, "ह्यो हद्दीसाठी न्हाय, मातीसाठी. माती बघता बघता पलून जाते." पावसाळ्यात वरची माती वाहून कुणग्याच्या खालच्या कोपऱ्याशी साचते. उन्हाळ्यात ती खणून, पाटीत भरून, डोक्यावरून पुन्हा वरच्या कोपऱ्यात नेऊन टाकायची. दर वर्षी. माझ्या आजोबांनी आयुष्यभर हे केलं, आणि त्यांच्या मानेवर, पाटी टेकायच्या जागी, कातडी जाड झाली होती. भाजावळ पण त्याच कामाची. कवळं, म्हणजे पाल्यासकट फांद्या, तोडून वाळवायची, त्यावर शेण, पातेरा आणि वर मातीचा पातळ थर टाकून तरव्याची, म्हणजे भाताच्या रोपांची, जागा भाजायची. तण मरतं, राखेतून पोटॅश मिळतं, पावसानं जे नेलं त्यातलं थोडं परत येतं. होळीच्या पुढेमागे संध्याकाळी सगळ्या गावावर तो धूर बसलेला असायचा आणि केसांना त्याचा वास दोन दिवस राहायचा. त्यापायी झाडं बोडकी होतात हे खरंच आहे, आणि शेती खात्यातले लोक त्याविरुद्ध सांगत आलेत तेही खरं. मला मात्र त्या धुराची ओढ आहे आणि ती मी लपवत नाही.

एकूण कोकणातली शेती म्हणजे माती पिकवणं कमी आणि तिला थोडा वेळ थांबवून धरणं जास्त. ती निघालेलीच आहे, कड्याकडून समुद्राकडे. गडगा, बांध, पाटी, भाजावळ ही सगळी तिला "जरा बस, भात घेऊन जा" म्हणायची साधनं. हे मी दादाला सांगितलं तेव्हा त्यानं मला चांगलंच अडवलं. "आजोबा पाटीनं माती वाहायचे, मी डंपरनं वाहतो. फरक काय?" मी म्हटलं, आजोबा आपल्याच कुणग्यातली आपल्याच कुणग्यात वाहायचे. तो म्हणाला, "आणि पाटी वाहायला माणूस कुठाय? तू येतेस?" यावर मला बोलायला तोंड नव्हतं. तो कांदिवलीची नोकरी सोडून गावात राहिलाय, मी सुट्टीला येते. मी आंबा खाते, तो आंब्याचं कर्ज फेडतो.

आणि त्याचा हिशेबही पूर्ण वेडगळ नाही. कातळावरची कलमं लवकर मोहोरतात असं बागायतदार सांगतात. पाऊस संपला की मुळांशी ओल राहत नाही, कातळ तापतो, झाडाला ताण बसतो आणि त्याला मोहोर सुचतो. सपाट मळ्यातल्या कलमाला तसं काही घडत नाही, ते पालवी फोडत बसतं. मार्चच्या सुरुवातीची पेटी आणि मेच्या अखेरची पेटी यांच्या भावात जमीन-अस्मानाचा फरक. १९९० च्या सुमाराला रोजगार हमीतून फळबागांना अनुदान मिळायला लागलं आणि कोकणचे सडे बघता बघता हिरवे झाले. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पण खड्ड्यातली माती म्हणजे कातळात ठेवलेली कुंडीच. जांभ्याच्या आम्लधर्मी मातीत टाकलेलं स्फुरद लोह आणि ॲल्युमिनियम घट्ट धरून ठेवतात, झाडाच्या वाट्याला थोडंच येतं. नत्र पावसाबरोबर जातं. म्हणून दर वर्षी खत, त्यावर मोहोर आणायचं औषध कल्टार, त्यावर तुडतुड्यांची फवारणी. हल्ली पाऊस दिवाळीपर्यंत लांबतो, थंडी धड पडत नाही, मोहोर आला की ढग येतात. दादा डिसेंबरात पहाटे उठून आधी आभाळ बघतो आणि मग चहा घेतो.

सडा पोटखराब हे ज्यांनी लिहिलं ते बहुधा उन्हाळ्यात आले असणार.

पावसाळ्यात तो ओळखू येत नाही. जूनमध्ये कातळावर शेवाळाची हिरवी झाक चढते, खोलगट जागांत डबकी साचतात, आणि ऑगस्टात तिथे गेंदाची पांढरी बोंडं आणि सीतेच्या आसवांची जांभळी चादर. ही सीतेची आसवं दिसायला नाजूक, पण किडेखाऊ. मातीत नत्र नाही म्हणून ती पाण्यातले सूक्ष्म जीव पकडून खातात. दीपकाडीची पांढरी फुलंही इथलीच, या कोकण-गोव्याच्या पट्ट्यातली. बोटभर मातीत एवढं सगळं, आणि ऑक्टोबरात सगळं वाळून पुन्हा कातळ. त्याच कातळात कुणीतरी हजारो वर्षांपूर्वी हत्ती, मासे, माणसं, चक्क गेंडा कोरून ठेवलाय. कशेळीचा हत्ती एवढा मोठा आहे की तो जवळून दिसतच नाही. आमच्या आजीला ही चित्रं ठाऊक होती. गुरं राखताना ती त्यांच्यावरून चालायची, आणि त्यांत तिला काही विशेष वाटत नव्हतं. २०२२ मध्ये ही कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. पुढच्याच वर्षी, २०२३ च्या एप्रिलात, बारसूच्या सड्यावर तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी माती परीक्षण सुरू झालं आणि त्या उन्हात बायका रस्त्यावर आडव्या झाल्या. प्रकल्प हवा की नको यावर आमच्या घरातही दोन तट आहेत, जेवताना तो विषय काढत नाहीत. पण ज्या जागी माती नाही म्हणून ती रिकामी मानली गेली, तिथेच मातीचं परीक्षण, याची गंमत दोन्ही तटांना कळली होती.

माती वाहून जाते ती कुठे जाते, हे पाहायचं तर राजापूरला जावं. शिवाजी महाराजांनी १६६१ मध्ये इंग्रजांची वखार लुटली ती इथली. समुद्रापासून एवढ्या आत, डोंगरांच्या बेचक्यात वखार, कारण खाडीतून माल इथवर यायचा. आज त्या पुलावर उभं राहून हे सांगितलं तर शाळेतली मुलं विश्वास ठेवत नाहीत. अर्जुना आणि कोदवली जिथे भेटतात तिथे गाळाचे उंचवटे, त्यावर झुडपं, आणि पावसाळ्यात एक मोठी सर आली की जवाहर चौकात पाणी. सगळं खापर डंपरवर फोडायला मला आवडलं असतं, पण गाळानं हे बंदर मागे पडलं ते साहेबाच्या राज्यातच, तेव्हा ना जेसीबी होता ना चौपदरी रस्ता. आता फक्त वेग वाढलाय. डोंगर सोलून जांभ्याखालची ती मऊ माती उघडी पडली की तिला धरायला काही नसतं. २०२१ च्या जुलैत चिपळुणात पाणी शिरलं, त्यानंतर वाशिष्ठीतला गाळ उपसायचं काम निघालं. उपसलेल्या गाळाचे काठावरचे ढीग मी गाडीतून पाहिले होते. रंग ओळखीचा होता.

जुलैत दादाचा फोन आला. तीन दिवस ओतत होता आणि सड्याच्या कडेच्या खड्ड्यांतली बरीच माती उचलली गेली होती. ती गेली कुठे, तर उतारावरून खाली, तात्यांच्या गडग्याला अडून, त्यांच्या कुणग्यात. दादा संतापला होता. विकत घेतलेली माती. तात्यांना तो बोलायलाही गेला. तात्या म्हणे ओटीवर सुपारी कातरत होते. "मी काय पावती मागितली काय?" एवढंच म्हणाले. पुढच्या उन्हाळ्यात कडेनं गडगा घालायचा असं ठरतंय. चिरे कुणी आणायचे आणि मजुरी कुणी द्यायची, हे अजून ठरलेलं नाही.

गडग्याच्याही पलीकडे जे सुटतं ते आत्याच्या दारात येतं. तिचं सासर खाडीकाठी. तिथली जमीन खारवट, खाडीनं गाळ आणून टाकून टाकून केलेली. भरतीचं पाणी अडवायला मातीचा बांध. पावसाच्या पाण्यानं मीठ धुतलं गेलं की भात, आणि उन्हाळ्यात जमिनीवर पुन्हा मिठाचा पांढरा पापुद्रा. बांधाला खेकड्यांनी भोकं पाडली की एखाद्या उधाणात खांड पडते. पूर्वी खांड पडली की सगळी वाडी धावायची आणि ओहोटीच्या तेवढ्या वेळात खाडीतलाच चिखल थापून ती बुजवायची. काही वर्षांपूर्वीची खांड बुजलीच नाही. वाडीत होते ते सगळे साठीच्या पुढचे. भरती आत आली, तिच्याबरोबर कांदळाच्या, म्हणजे खारफुटीच्या, शेंगा आल्या, रुजल्या, आणि आता जिथे आत्या लावणी करायची तिथे कमरेएवढे कांदळ आहेत. ते तोडायला कायद्यानं बंदी, म्हणजे तिथे भात आता होणे नाही. मी तिला विचारलं, वाईट नाही वाटत? ती भाकरी थापत होती. खारी जमीन, एकच पीक, तेही उधाणाच्या मर्जीवर, तुला काय माहीत, असं म्हणून तिनं भाकरी तव्यावर टाकली. मग सांगायला लागली की कांदळाच्या मुळांत कुर्ल्या, म्हणजे खाडीतले खेकडे, चिक्कार झाल्यात, तिचा नातू फासे लावतो आणि नाटे गावचा हॉटेलवाला दारात येऊन घेऊन जातो, भातापेक्षा बरे पैसे सुटतात. "तू पौर्णिमेला येतेस नेहमी, तेव्हा पोकळ असतात त्या. अमावास्येला ये. आणि येताना वाटणाला नारळ घेऊन ये, आमच्या माडांना यंदा काही लागलं नाही."